मागं मी आहे

लाईट गेली ते एका अर्थी बरंच झालं. नाहीतर तुम्ही इतका वेळ म्हाताऱ्याजवळ कशाला बसला असता? निधी, तू इकडं पायरीवर बस, वारा येतो. मेणबत्ती राहू दे, टिकायची नाही.

तर शंतनु, तुझं नक्की ठरलंय म्हणायचं. तुझी गाडी चित्रदुर्गाच्या पुढं ढाब्यावर बंद पडलीये आणि तुझा हा मित्र, अद्वैत ना रे तू, हा आफिसातली सुमो मागून घेऊन आलाय. जेवायचं, निघायचं, दोर बांधायचा आणि रातोरात गाडी ओढत राजाजीनगरला आणायची. सकाळी परत कंप्युटरपुढं हजर. दोन हजार साल उजाडायच्या आत सगळ्या जगाचे कंप्युटर तुम्हालाच दुरुस्त करायचेत, मग गाडी कोण दुरुस्त करणार? सरी, ठीक आहे. तुम्ही पुण्याची मुलं, तुम्हाला मी काय शिकवणार. मी आपला जे. सी. रोडवर जन्मभर स्पेअर पार्ट विकलेला माणूस. पण तू मघाशी खालच्या खोलीतून वर येऊन म्हणालास, "नागोजीकाका, तुमच्याकडं दोर असेल ना?"

आहे. मागच्या खोलीत खुंटीला आहे. तुला का दिला नाही, ते सांगतो.

समोरच्या ओळीतलं ते हिरव्या दाराचं घर बघितलंय ना? तुंगाबाईंचं. त्यांचे यजमान प्रतापराव. आमच्यासारखीच त्यांचीही चौथी पिढी बेंगळुरात, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. माणूस टॅक्सीवाला. एकच अँबॅसडर, काळी-पिवळी, तीच आयुष्यभर चालवली. तिच्यावर मुलगा वाढवला, बहिणींची लग्नं केली. तिला कुणी "डबा" म्हटलं की दोन दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. मी एकदा म्हणालो होतो, म्हणून मला माहीत.

मुलगा खंडोजी. त्यानंही टॅक्सीच धरली, पण पोरगं नव्या काळाचं. त्यानं सुमो घेतली, अगदी तुमच्या आफिसाची आहे तसली. आणि घेतल्या दिवसापासून बापाच्या मागं लागला, की अप्पा, ती अँबॅसडर भंगारात द्या, आता तुमचं वय झालं. बाप ऐकतोय होय? सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असला माणूस. दोघं एका ताटात जेवत होते, पण बोलणं तुंगाबाईंच्या मार्फत.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, ती ध्यानात ठेवा. खंडोजी लहान असताना प्रतापरावांनी त्याला सायकल शिकवली ती याच रस्त्यावर. जुनाट सायकल, तिला ब्रेक नव्हता. हा समोरचा उतार आहे ना, त्यावरून पोरगं सुटायचं आणि बाप मागून कॅरियर धरून धावायचा. खाली वळण आलं की दोन्ही टाचा जमिनीत रोवून, मागं रेलून सायकल थांबवायचा. चप्पल घालून जमत नाही म्हणून अनवाणी. पोरगं घाबरून मागं बघायला लागलं की ओरडायचे, "पुढं बघ! मागं मी आहे." सगळ्या ओळीला पाठ झालं होतं ते वाक्य. आम्ही चेष्टेत एकमेकांना म्हणायचो.

तर ती रात्र. सत्त्याण्णव साल, जानेवारी महिना, बुधवार. एळ्ळ अमावास्या. आपल्या देशावर वेळ अमावास्या म्हणतात तीच.

इथल्या गाडीवाल्यांचं अमावास्येचं तुम्ही बघितलं असेल. गाडी धुवायची, हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि कोहळ्यात कुंकू भरून तो गाडीवरून ओवाळून रस्त्यावर फोडायचा. नजर उतरते. प्रतापरावांनी एवढ्या वर्षांत एक अमावास्या चुकवली नव्हती. गाडी अमावास्येला दारातच पाहिजे, परक्या दारात नको. कुठलंही भाडं असलं तरी.

त्या वेळी मात्र अडकले. धर्मपुरीला लग्नाचं वऱ्हाड सोडून परत येताना कृष्णगिरीजवळ पाण्याचा होज फुटला आणि इंजिन जाम झालं. वय झालेलं इंजिन, त्याचा तरी काय दोष. दुपारी त्यांनी एसटीडी बूथवरून माझ्या दुकानात फोन केला, कारण घरी फोन नव्हता. खंडोजीला सांग म्हणाले. मुलाकडं मदत मागायची ती पण शेजाऱ्याकरवी.

खंडोजी दुकानात आला, तणतणत. मी त्याला दोर दिला, हाच खुंटीवरचा. जाड, नायलॉनचा, लॉरीवाले नेतात तो. म्हटलं, खंडू, तिथल्या गॅरेजमध्ये गाडी टाक, आणि बापाला घेऊन ये. तो म्हणाला, "अण्णा, मीही तेच करणार. पण ते येतील का?"

आले नाहीत. संध्याकाळी हा तिथं पोहोचला तर प्रतापराव गाडी धुऊन बसलेले. विहिरीचं पाणी मागून आणून बंद गाडी धुतली होती. म्हणाले, उद्या सकाळी अमावास्या सुटायच्या आत ही दारात पाहिजे, तुझी आई कोहळा आणून वाट बघत असेल. तुला ओढायची नसेल तर तू जा, मी इथंच झोपतो. खंडोजीनं बघितलं, बापाचा चेहरा उतरलेला होता, घाम होता. विचारलं, तर म्हणे गॅस झालाय. स्वल्प सोडा प्यायलो की जाईल.

काय करणार? बांधला दोर.

आता दोरानं गाडी ओढायची एक रीत असते. तुम्हाला कुणी सांगितली नसेल म्हणून सांगतो. पुढच्यानं ओढायचं आणि मागच्यानं ब्रेक मारायचा. दोर कायम ताणलेला पाहिजे. उतारावर पुढच्यानं ब्रेक मारला तर दोर ढिला पडतो आणि मागची गाडी येऊन धडकते. म्हणजे उतारावर दोन्ही गाड्या सांभाळायच्या त्या मागच्यानं. नाव पुढच्याचं, जीव मागच्याच्या हातात. आणि मागच्याला तरी काय असतं? इंजिन नाही, बॅटरी भरत नाही म्हणून दिवे नाहीत, भोंगा नाही. पुढचा नेईल तिकडं जायचं.

खुणा ठरल्या. खंडोजीनं इंडिकेटर लावायचा, म्हणजे "ठीक आहे ना?" मागून टॉर्च एकदा लुकलुकली की ठीक. दोनदा लुकलुकली की थांब.

होसूरच्या हमरस्त्यावर चेकपोस्टला दोराची गाडी अडवतात, म्हणून आतला रस्ता धरला. रायकोट्टै, देंकणीकोट्टै, थळी आणि तिथून आनेकल. शंभराच्या वर किलोमीटर. तो रस्ता कसला म्हणता! दोन्ही बाजूंना झुडपं, लाल माती, मध्ये डांबराची एक पट्टी. वस्ती नाही. हत्ती येतात म्हणून रात्री बैलगाडीसुद्धा जायची नाही.

खंडोजी मला म्हणाला, "अण्णा, सुरुवातीला मला बरं वाटत होतं." इतक्या महिन्यांनी बाप-लेक दोघं मिळून काहीतरी करत होते. बोलणं नाही, पण तो इंडिकेटर लावायचा आणि मागून टॉर्च लुकलुकायची. दोर एकदासुद्धा ढिला पडला नाही. म्हातारा मागं बसून असा ब्रेक मारत होता, की पुढच्याला मागं गाडी असल्याचं समजतच नव्हतं.

थळीला एक चहाची टपरी उघडी होती. तिथं थांबले. सुमोचं इंजिन तापलं होतं. खंडोजीनं मागं जाऊन अप्पांची टॉर्च घेतली, बॉनेट उघडून बघितलं, पाणी घातलं. मग त्यांना चहा नेऊन दिला. प्रतापरावांनी तो हातात धरला, प्यायला नाही. खंडोजीचा धीर सुटला. म्हणाला, अप्पा, पुरे झालं. गाडी या टपरीवाल्याच्या दारात ठेवू. तुम्ही पुढं माझ्याजवळ बसा. मी सकाळी येऊन नेतो, देवाशप्पथ नेतो.

प्रतापराव त्याच्याकडं बघत राहिले. मग हसले म्हणे. आणि म्हणाले, "तू पुढं बघ. मागं मी आहे."

खंडोजी पाघळला. बापानं किती वर्षांनी ते म्हटलं होतं. पुढं येऊन बसला, इंजिन सुरू केलं, इंडिकेटर लावला. आरशात बघितलं. टॉर्च एकदा लुकलुकली.

निघाला.

एकदा मागं जाऊन बघितलं असतं तर? तो आजही हेच म्हणतो. पण का बघणार? खूण आली होती.

थळी सुटली की रस्ता खाली उतरत जातो. अमावास्येचा काळोख. सुमोच्या दिव्यात येईल तेवढंच जग. आरशात काहीच नाही... मागची गाडी आहे की नाही ते फक्त दोराच्या ओढीवरून कळत होतं. मध्येच त्याला वाटलं, गाडी फार हलकी लागतेय. नुसती मोकळी गाडी ओढल्यासारखी. इंडिकेटर लावला.

टॉर्च लुकलुकली. एकदा.

पुढं एक वळण गेलं. परत विचारलं. परत उत्तर आलं. म्हणे, अण्णा, उत्तर लगेच यायचं. मी बटण दाबायच्या आत आल्यासारखं.

आणि मग त्यानं गाढवपणा केला. आपल्या सगळ्या ड्रायव्हर लोकांचा असतो तोच. लांब उतार दिसला की गियर काढायचा, न्यूट्रलला टाकायची आणि डिझेल वाचवायचं. एकटी गाडी असेल तर चालून जातं. मागं दुसरी गाडी बांधलेली असताना कुणी करील का? पण हात सवयीचा असतो. आनेकलच्या अलीकडचा तो सगळ्यात मोठा उतार, खाली तळं, तळ्याच्या बांधावर रस्ता काटकोनात वळतो. आणि यानं वरच्या टोकाला गियर काढला.

गाडी सुटली.

आधी लक्षात आलं नाही. मग वेग वाढला. ब्रेकवर पाय ठेवला. लागला. परत दाबला. वेग काही उतरेना... ब्रेक दाबत गेला. जळका वास यायला लागला. पाय खाली खाली जायला लागला. गियर टाकायला गेला तर नुसता खरखर वाजला. पडेना.

हँडब्रेक ओढला. काही नाही.

दिव्यात तळं दिसलं. काळं पाणी. बांधाला कठडा नाही...

त्याला दोनच गोष्टी सुचल्या म्हणे. एक, आपण गेलो. दुसरी, आपल्यामागं अप्पाही येणार, बांधलेले, त्यांना उतरतासुद्धा यायचं नाही. तो ओरडला. हाक मारली. काचा बंद, इंजिनचा आवाज, कोण ऐकणार? हातात चाक आहे आणि काही करता येत नाही. दोन जीव आणि काहीच करता येत नाही...

आणि दोर ताणला.

हिसका नाही. हळूहळू. कुणीतरी मागून धरल्यासारखा.

मागून आवाज यायला लागला. घसटल्यासारखा. टायर घासतो तसा नव्हे. जड काहीतरी मातीतून ओढत नेल्यावर येतो, तसा. तो आवाज त्याला ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना. वेग कमी होत गेला. आणखी कमी. सुमो बांधाच्या कडेला, पाणी हातभरावर असताना... थांबली.

दोर ताणलेलाच होता.

खंडोजीनं चाकावर डोकं टेकलं. मग रडू आलं. बापानं वाचवलं होतं. आज पाय धरायचे आणि सांगायचं, अप्पा, अँबॅसडर तुमची, जन्मभर ठेवा, मी एक शब्द बोलणार नाही. असं ठरवून दार उघडलं. बाहेर मिट्ट काळोख. म्हणून हात मागं करून सीटवरची टॉर्च घेतली, लावली, आणि मागं चालायला लागला.

चार पावलं गेला.

आणि थांबला.

हातातल्या टॉर्चकडं बघितलं. पितळी, काचेला तडा गेलेली. अप्पांची... थळीला पाणी घालायला घेतली होती ती. परत द्यायची राहिली होती. तेव्हापासून त्याच्याच सीटवर पडून होती.

मग थळीपासून मागून कोण उत्तर देत होतं?

निधी, घाबरू नकोस. इथं आपण सगळे आहोत.

अँबॅसडरच्या पुढच्या सीटवर प्रतापराव आडवे झाले होते. पुढची सीट सलग असते तिची, त्यावर कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. अंगावर घोंगडी, पार पायाच्या खालपर्यंत गुंडाळलेली. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. चहाचा ग्लास डॅशबोर्डवर, त्यावर साय धरलेली, एक थेंब सांडलेला नाही. आणि अंग गार. नुकतंच गार झालेलं नव्हे. कधीचंच.

पाय ब्रेकच्या जवळसुद्धा नव्हते. स्टिअरिंगला हात लावायला माणूस नव्हता.

खंडोजीनं हाक मारली... एकदा. मग नाही मारली.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. जवळपास कुठं फोन नाही. बापाला उचलून सुमोत न्यावं तर एकट्याला झेपेना. मदत आणायला जावं तर बाप त्या काळोखात एकटा. थांबावं तर उपयोग काय? पहाटेपर्यंत तो पोरगा त्या सीटवर बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. दुसरं काय करणार? आनेकलकडं जाणारी दुधाची गाडी आली तेव्हा कुठं माणसं मिळाली. त्यांच्यातल्या एकानं अँबॅसडरचं चाक धरलं. खंडोजी म्हणाला, अप्पांना सुमोत हलवू नका, याच गाडीत मागच्या सीटवर घोंगडीसकट ठेवा. गाडी आणि ते बरोबरच घरी जातील.

सकाळी ऊन पडायच्या सुमाराला दोन्ही गाड्या या ओळीत आल्या. अमावास्या अजून सुटली नव्हती. तुंगाबाई दारात उभ्या होत्या, हातात आरतीचं ताट, पायाशी कोहळा. त्यांनी आधी गाडी बघितली आणि हसल्या. म्हणाल्या, "आणली शेवटी. मला ठाऊकच होतं." 

डॉक्टर आले. हृदय बंद पडलं म्हणाले, रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला. म्हणजे थळीला. चहा ठेवून आडवे झाले, तेव्हाच कधीतरी.

इथवरचं मी खंडोजीच्या तोंडून ऐकलेलं. तुम्ही म्हणाल, पोरगं दमलेलं, भेदरलेलं, टॉर्च आरशात दिसली असेल, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा उजेड असेल. म्हणा. मीसुद्धा दुपारपर्यंत स्वतःला हेच सांगत होतो.

दुपारी आंघोळ घालायला बाहेर काढलं. मी होतो, शेजारचे श्रीधरराव होते, खंडोजी होता. पाणी खंडोजीनं घालायचं, आम्ही धरायचं. घोंगडी तोवर कुणी पायावरून काढली नव्हती. ती मी काढली.

मी काढली म्हणून सांगतो.

दोन्ही टाचा सोललेल्या होत्या. पार मांसापर्यंत. त्यात लाल माती भरलेली, खडे रुतलेले. चपला घालून गाडीत बसलेला माणूस. कृष्णगिरीपासून खाली न उतरलेला.

  खंडोजीनं तांब्या ओतला, हातानं चोळलं. परत ओतला. परत चोळलं. पाणी लाल व्हायचं, आणि टाचा तशाच. आमच्या इथली मातीही लालच, पण ती नुसत्या पाण्यानं जाते. ही निघेना. शेवटी त्याच्या हातातनं तांब्या पडला. त्यानं आपलं कपाळ त्या टाचांवर ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

प्रतापरावांना तसंच नेलं. पायांना माती लागलेलीच.